सन शेहेचाळीस आणि सहावा कप्पा

मराठी वाचकाला सुरत आठवते ती बहुधा १६६४ आणि १६७० ह्या दोन सालांमुळे; परंतु ज्या संपत्तीसाठी ते शहर दोनदा लुटले गेले, ती संपत्ती ज्या नाण्याने मोजली जाई त्या सुरती रुपयाचा पुढील इतिहास आपल्याकडे फारसा कोणी वाचीत नाही, ही मला खेदाची गोष्ट वाटते. १७५९ मध्ये सुरतेचा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला, १८०० मध्ये नबाबाशी तह होऊन शहराचा सारा कारभार कंपनी सरकारकडे आला, आणि तरीही रुपयावर नाव राहिले ते दिल्लीच्या शाह आलम बादशहाचेच. त्या काळच्या कायम ठशाच्या रुपयावर एका बाजूस बादशहाच्या नावासोबत हिजरी सन १२१५ आढळतो, दुसऱ्या बाजूस ‘सन ४६ जुलूस मैमनत मानूस, जर्ब सुरत’ अशा अर्थाची फारसी अक्षरे असतात. आणि हिशेबाची सवय असलेल्या माणसाने ह्या दोन आकड्यांचा मेळ घालू पाहिला की तो बसत नाही. शाह आलम तख्तावर आला हिजरी ११७३ मध्ये. तेव्हा १२१५ हे त्याच्या कारकिर्दीचे बेचाळिसावे किंवा त्रेचाळिसावे वर्ष होय, शेहेचाळिसावे नव्हे. बादशहा १८०६ मध्ये मरण पावला. तरी ही बेमेळ जोडी पुढे मुंबईच्या टांकसाळीत यंत्रावर पाडलेल्या सुरती रुपयावरही तशीच उतरली, आणि १८३५ च्या कायद्याने इंग्लंडच्या राजाचा मुखवटा असलेला एकच रुपया कंपनीच्या मुलखात चालू होईपर्यंत टिकून राहिली.

सन गोठविण्यामागे हेतू होता. रुपया जितका जुन्या सनाचा, तितका सराफ त्यावर अधिक बट्टा कापीत. त्यामुळे रयतेने भरलेला वसूल आणि खजिन्यात जमा धरलेली रक्कम ह्यांत नेहमी तफावत पडे. बंगाल्यात कंपनीने मुर्शिदाबादी सिक्का रुपयावर ‘सन १९’ कायमचा कोरून हा तंटा मिटविला, फर्रुखाबादी रुपयावर ‘सन ४५’ कोरला, आणि सुरती रुपयाच्या वाट्याला ‘सन ४६’ आला. परंतु हेतू समजला म्हणून १२१५ आणि ४६ ही जोडी बरोबर ठरत नाही. आणि माझ्या मते त्या रुपयावरील सर्वांत बोलका भाग हाच. सत्ता एकाची, नाव दुसऱ्याचे, टांकसाळ तिसऱ्याच शहरात आणि चौथ्याच कोणाच्या सोयीसाठी कालगणना थांबविलेली, ही जी वस्तुस्थिती कोणत्याही फर्मानात उघड लिहिली जाणे शक्य नव्हते, ती ह्या दोन आकड्यांच्या विसंगतीतून नकळत नोंदली गेली आहे. घडविलेल्या वस्तूतील दोष हा ती वस्तू कशी घडली ह्याचा विश्वसनीय दस्तऐवज असतो, कारण तो कोणाला काही पटवून देण्यासाठी लिहिलेला नसतो.

हा विचार मनात घोळत असल्यामुळेच, सुरतेतील मुले ज्या एका जपानी खेळातील दोषांविषयी तासन् तास बोलू शकतात, त्या पोकेमॉन नावाच्या खेळाकडे मी गंभीरपणे पाहू लागलो. नाण्यावरील विसंगती शोधणाऱ्याला आपण नाणकशास्त्रज्ञ म्हणून मान देतो आणि पडद्यावरील खेळातील विसंगती शोधणाऱ्या मुलाला उनाड ठरवितो. हा भेद मला अन्यायाचा वाटतो. दोघांचीही पद्धत एकच आहे: ऐकीव गोष्ट जशीच्या तशी न स्वीकारणे, पुनःपुन्हा पडताळणे, आणि जे दिसते त्यावरून जे दिसत नाही त्याचा माग काढणे.

ह्या खेळाचा जनक सातोशी ताजिरी. त्याचा जन्म १९६५ चा, आणि बालपण गेले ते टोकियोच्या सीमेवरील माचिदा ह्या गावात. भातखाचरे, डबकी आणि झाडी ह्यांतून किडे गोळा करण्याचा त्याला नाद होता; शहर पसरत गेले तशी खाचरे बुजली, डबक्यांच्या जागी इमारती उठल्या, आणि किड्यांमागे धावणारा तो मुलगा नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रांपुढे येऊन उभा राहिला. १९८३ मध्ये त्याने ‘गेम फ्रीक’ नावाचे हस्तलिखित नियतकालिक काढले, त्याच्या प्रती काढून टाचून तो विकीत असे. केन सुगिमोरी हा चित्रकार त्यातूनच त्याला भेटला, आणि १९८९ मध्ये त्या नियतकालिकाची कंपनी झाली. त्याच वर्षी निन्टेन्डोने गेमबॉय हे तळहातावर मावणारे यंत्र बाजारात आणले. दोन गेमबॉय एका तारेने जोडता येत. इतरांनी ती तार एकमेकांशी लढण्यासाठी वापरली, ताजिरीला मात्र त्या तारेतून किडे एका यंत्रातून दुसऱ्यात सरपटत जाताना दिसले. देवाणघेवाणीची ही कल्पना प्रत्यक्षात यायला सहा वर्षे गेली, मधल्या काळात कंपनी बुडण्याच्या बेतात आली, आणि शेवटी २७ फेब्रुवारी १९९६ रोजी ‘लाल’ आणि ‘हिरवी’ अशा दोन आवृत्त्या जपानात प्रसिद्ध झाल्या. प्रत्येक आवृत्तीत काही प्राणी मुद्दाम वगळलेले, म्हणजे संग्रह पुरा करावयाचा तर दुसऱ्याकडे जाणे भाग.

त्या यंत्राची चालू स्मृती होती आठ किलोबाइट, पडदा रुंदीला १६० आणि उंचीला १४४ ठिपक्यांचा, रंग म्हणाल तर एकाच वर्णाच्या चार छटा. आणि ज्या कार्ट्रिजवर सारे जग साठवायचे तिची जपानी आवृत्तीतील क्षमता अवघी अर्धा मेगाबाइट. एवढ्या जागेत दीडशे प्राणी, त्यांची चित्रे, त्यांचे आवाज, लढाईचे नियम, गावे, बोगदे आणि समुद्र बसविताना एकेक बाइटासाठी ओढाताण झाली. काम संपत आले तेव्हा चाचणीसाठी घातलेला मजकूर काढून टाकण्यात आला आणि सुमारे तीनशे बाइटांची जागा मोकळी झाली. शिगेकी मोरिमोतो ह्या संकेतलेखकाने त्या जागेत ‘म्यू’ नावाचा एकशे एक्कावन्नावा प्राणी बसविला. चाचणी पुरी झाल्यावर कशालाही हात लावावयाचा नाही, हा त्या धंद्यातील पहिला दंडक. तो मोडून केलेली ही खोडी खेळाच्या कोणत्याही वाटेवर सापडणार नव्हती, कारण म्यूपर्यंत नेणारी वाटच ठेवलेली नव्हती. परंतु खेळातील इतर दोषांमुळे तो काही मुलांच्या पडद्यावर उगवला, कुजबुज पसरली, आणि १९९६ च्या वसंतात ‘कोरोकोरो’ ह्या मुलांच्या मासिकाने केवळ वीस वाचकांना म्यू देण्याची घोषणा केली तेव्हा अठ्ठ्याहत्तर हजारांवर अर्ज आले. मंदगतीने खपणाऱ्या ह्या खेळाची मागणी त्यानंतर वाढतच गेली, असे त्याच्या निर्मात्यांनीच पुढे सांगितले आहे. ज्याला कारखान्याच्या दृष्टीने शिस्तभंग म्हणावे, त्याच्यावर एका मोठ्या व्यवसायाचा पाया घातला गेला.

पुढे स्वयंसेवी अभ्यासकांनी यंत्रभाषेतील सर्व आज्ञा उलगडून वाचनीय स्वरूपात मांडल्या, तेव्हा ह्या खेळाचे दप्तर खऱ्या अर्थाने उघडले. खेळणाऱ्याच्या हातात जी प्राणिसूची असते तिच्यात बल्बासॉर पहिला आणि म्यू शेवटचा. परंतु यंत्राच्या अंतर्गत यादीत क्रम वेगळाच आहे. तेथे पहिला राइडॉन हा गेंड्यासारखा प्राणी, दुसरी कांगासखान, आणि ह्या यादीवरून प्राणी कोणत्या क्रमाने सुचत गेले ते कळते. राइडॉन हा सर्वांत आधी काढलेला, हे सुगिमोरीच्या सांगण्याशीही जुळते. ह्या यादीत जागा आहेत १९०, प्राणी १५१. उरलेल्या एकोणचाळीस जागा वगळलेल्या किंवा कधीच न भरलेल्या प्राण्यांच्या. त्यांच्यावर एकच पाटी आहे, ‘मिसिंगनो’, म्हणजे ज्याचा क्रमांक गहाळ आहे तो. त्यांपैकी तिघांना मात्र चित्र आहे: संग्रहालयात मांडलेले दोन सांगाडे आणि मनोऱ्यातील एक भूत. दप्तरखान्यात रिकामे रुमाल सापडावेत आणि त्यांवर फक्त नंबर असावेत, तसा हा प्रकार आहे, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला भरलेल्या रुमालाइतकीच रिकाम्या रुमालाची ओढ असते.

आपल्याकडे हे प्राणी आले ते उशिरा, आणि उलट्या क्रमाने. २००३ पासून कार्टून नेटवर्कवर त्यांची चित्रमालिका हिंदीतून दिसू लागली. खेळाआधी खेळाची कथा घरात पोहोचली. सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा ह्या भागांत धुळे, नंदुरबार, जळगाव जिल्ह्यांतून आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. उधना-जळगाव लोहमार्गाने माणसे येत राहिली, लूमवर आणि रंगाईच्या कारखान्यांत लागली, आणि त्यांच्या मुलांसाठी महानगरपालिका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळाही चालविते. ह्या घरांत परदेशी गेमबॉय येण्याचा प्रश्नच नव्हता. जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा इम्युलेटर नावाचा कार्यक्रम आधी संगणकावर, मग मोबाइलवर चालू लागला, आणि १९९० च्या दशकातला तो करडा पडदा वीस वर्षांनी तापीकाठी उजळला. २०१६ मध्ये तर प्रकरण न्यायालयापर्यंत गेले: पोकेमॉन गो ह्या नव्या, रस्त्यावर हिंडून खेळावयाच्या खेळात देवळांसारख्या पूजास्थानी अंडी दिसतात व त्यामुळे भावना दुखावतात अशी जनहित याचिका झाली आणि सप्टेंबर महिन्यात गुजरात उच्च न्यायालयाने संबंधितांना नोटिसा काढल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो खेळ रिलायन्स जिओच्या सहकार्याने भारतात रीतसर सुरू झाला. परंतु माझे लक्ष आहे ते जुन्या खेळावर.

उधन्यातील एका खान्देशी घरी मला ह्या विद्येचे पहिले प्रात्यक्षिक पाहावयास मिळाले. काच तडकलेला मोबाइल, त्यावर बोटांनी झिजलेल्या आभासी कळा, आणि आठवी-नववीतला मुलगा. “काका, सहावी जागा. पाचवी नाही, सातवी नाही,” तो म्हणाला, आणि थैलीतील वस्तूंचा क्रम लावून त्याने ‘रेअर कँडी’ ही प्राण्याचे बळ वाढविणारी मिठाई सहाव्या ओळीवर आणली. मग तो व्हिरिडियन नावाच्या गावी गेला. तेथे एक म्हातारा रस्त्यात उभा असतो आणि प्राणी कसा पकडावा हे शिकवितो. त्याचे प्रात्यक्षिक त्याने मुकाट्याने पाहिले, तेथून थेट उडून सिनबार बेटावर उतरला, आणि बेटाच्या पूर्व किनाऱ्याला चिकटून पाण्यातून वर-खाली, वर-खाली पोहू लागला. “पकडायचं नाही त्याला. नुसतं दिसू द्यायचं आणि पळायचं.” थोड्याच वेळात पडद्यावर प्राण्याऐवजी ठिपक्यांचा एक उभा, कोपरा तुटलेला ढिगारा उभा राहिला, मुलगा पळाला, थैली उघडली, आणि सहाव्या ओळीवर आकड्याच्या जागी एक विचित्र ठसा दिसला, कारण तेथील संख्या आता दोन अंकांत मावत नव्हती.

त्या मुलाला कृती ठाऊक होती. कारण फार सुरेख आहे, आणि ते मी येथे सविस्तर सांगणार आहे. म्हातारा प्रात्यक्षिक करतो तेव्हा पडद्यावर खेळणाऱ्याच्या नावाच्या जागी म्हाताऱ्याचे नाव दाखवावे लागते. म्हणून खेळणाऱ्याचे खरे नाव तेवढ्यापुरते दुसरीकडे नेऊन ठेवले जाते. ही दुसरी जागा म्हणजे गवतात कोणते रानटी प्राणी भेटावेत ह्याची यादी जेथे असते तो स्मृतीचा तुकडा. गावात गवत नसते, तेव्हा ती जागा रिकामीच. आणि पुढच्या रस्त्यावर पाऊल टाकले की नवी यादी त्यावर चढते व ठेवलेले नाव पुसले जाते. संकेतलेखकाने जागेची काटकसर केली होती आणि ती त्याच्या हिशेबाने निर्धोक होती. परंतु उडत गेल्यास रस्ता लागत नाही. सिनबार बेटावर गवत नसल्यामुळे तेथेही नवी यादी चढत नाही, आणि नाव त्या जागी तसेच पडून राहते.

आता किनारा. खेळातील प्रत्येक चौकोन चार लहान तुकड्यांचा असतो. प्राणी भेटेल की नाही हे यंत्र एका तुकड्यावरून ठरविते आणि तो गवताच्या यादीतून घ्यावा की पाण्याच्या, हे दुसऱ्या तुकड्यावरून. सिनबारच्या पूर्व किनाऱ्यावर पहिला तुकडा पाण्याचा आहे आणि दुसरा काठाचा. यंत्राची समजूत अशी होते की पाणी आहे म्हणून सामना व्हावा, आणि पाणी नाही म्हणून तो गवतातील प्राण्याशी व्हावा; मग ते गवताची यादी उघडते आणि तेथे ठेवलेली खेळणाऱ्याच्या नावाची अक्षरे प्राण्यांचे क्रमांक आणि त्यांच्या पातळ्या समजून वाचू लागते. तिसरे, पाचवे, सातवे अक्षर प्राणी ठरविते. दुसरे, चौथे, सहावे त्याचे बळ. १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी आवृत्तीत हे घडते. एकाच गावात दोन मुलांना निरनिराळे प्राणी का भेटतात ह्याचे कोडे वर्षानुवर्षे उलगडत नव्हते. उत्तर त्यांच्या नावांत होते.

आणि सहावी जागा? कोणता प्राणी दृष्टीस पडला ह्याची नोंद खेळ एकेका बिटावर ठेवतो: पाहिला असेल तर एक, नसेल तर शून्य. १५१ प्राण्यांना १९ बाइट पुरतात. बिट शोधताना प्राण्याच्या सूची-क्रमांकातून एक वजा केला जातो, कारण यंत्राची मोजणी शून्यापासून सुरू होते. मिसिंगनोचा सूची-क्रमांक आहे शून्य. त्यातून एक वजा केला तर आठ बिटांच्या यंत्राला ऋण संख्या ठाऊक नसल्यामुळे उत्तर येते २५५. दीडशे खोल्यांच्या चाळीत टपालवाल्याला अडीचशेच्या पुढचा नंबर दिला आणि कोणी थांबविले नाही, तर तो मोजत मोजत शेजारच्या इमारतीत शिरून तेथल्या दारावर खूण करील. यंत्राने नेमके तेच केले. नोंदवहीचे १९ बाइट संपताच लागून थैलीची यादी सुरू होते. विसावा बाइट म्हणजे थैलीत एकूण वस्तू किती. त्यानंतर प्रत्येक वस्तूला दोन बाइट, एक नावाचा आणि एक संख्येचा. पाच वस्तूंचे दहा बाइट धरून तीस झाले. एकतिसावा सहाव्या वस्तूचे नाव, बत्तिसावा तिची संख्या. आणि शून्यापासून मोजलेले २५५ वे बिट म्हणजे बत्तिसाव्या बाइटाचे सर्वांत वरचे बिट, ज्याची किंमत १२८. मिसिंगनो ‘पाहिला’ अशी नोंद झाली की सहाव्या वस्तूत १२८ ची भर पडते. पाचवी नाही, सातवी नाही, आणि पकडण्याची गरज नाही, हे त्या मुलाचे प्रत्येक विधान ह्या हिशेबाने अक्षरशः खरे ठरते.

निन्टेन्डोच्या अमेरिकेतील मुखपत्राने १९९९ मध्ये मुलांना ह्या प्राण्यापासून दूर राहण्याचा इशारा दिला, साठविलेला खेळ पुसला जाण्याची भीती घातली. वस्तुतः जे बिघडते ते विजेत्यांच्या दालनातील चित्रांपुरते: मिसिंगनोचे चित्र म्हणून जो अर्थहीन मजकूर उलगडला जातो तो आपल्या जागेत न मावता शेजारच्या नोंदींवर सांडतो, आणि त्या नोंदी विजेत्यांच्या असतात. मुलांनी इशारा ऐकला, भ्यालीही, आणि तरी किनाऱ्यावर जात राहिली. मला त्यांचे कौतुक वाटते.

ह्या प्रसिद्ध दोषाखेरीज खेळात मुकाट दोष अनेक आहेत, आणि ते लक्षात येण्यास अधिक चिकाटी लागली. कधीही न चुकणारा वार म्हणून ज्याची ग्वाही दिली आहे तोही २५६ वारांत सरासरीने एकदा चुकतो, कारण शंभर टक्के ही गोष्ट २५५ ह्या आकड्याने लिहिली आहे आणि यदृच्छेने निघालेली संख्या त्याहून लहान असावी अशी अट आहे. ती संख्याही २५५ निघाली की वार फुकट. ‘फोकस एनर्जी’ ह्या युक्तीने मर्मावर घाव बसण्याची शक्यता चौपट व्हावी असा नियम, पण गुणाकाराऐवजी भागाकार लिहिला गेल्यामुळे ती चतुर्थांश होते. मनःशक्तीच्या प्राण्यांना भुतांचे भय असते असे खेळातील एक पात्र तोंडाने सांगते, आणि कोष्टकात मात्र भुताच्या वाराचा त्यांच्यावर परिणाम शून्य लिहिला आहे. लेखकाचा हेतू पात्राच्या तोंडी शिल्लक राहिला, अंमल वेगळाच झाला; सरकारी ठराव आणि त्याची अंमलबजावणी ह्यांतील अंतराचा अभ्यास करणाऱ्याला ह्यात नवे काही वाटणार नाही, पण येथे दोन्ही कागद एकाच कार्ट्रिजमध्ये शेजारीशेजारी मिळतात, हे दुर्मिळ.

लढाईच्या ह्या भागाचे आणखी एक प्रकरण आहे. तो दुसऱ्या, मोठ्या यंत्रावर नेण्याची वेळ आली तेव्हा त्याचे व्यवस्थित टिपण कोणाजवळ नव्हते. हाल लॅबोरेटरीचे सातोरू इवाता, जे २००२ मध्ये निन्टेन्डोचे अध्यक्ष झाले, त्यांनी केवळ मूळ संकेतलेखन वाचून सुमारे आठवड्याभरात तो उतरविला, आणि ज्याने तो महत्प्रयासाने लिहिला होता तो मोरिमोतो थक्क झाला. कागद नव्हते, वस्तूच वाचावी लागली.

ह्या साऱ्या संशोधनाला अफवांचीही जोड होती, आणि अफवांशिवाय कोणत्याही संशोधनाचा इतिहास पुरा होत नाही. व्हर्मिलियन बंदरात एक आगबोट उभी असते. ती एकदा गेली की बंदर बंद होते. पण विशिष्ट क्रमाने वागल्यास बोट असतानाच पोहण्याची विद्या मिळवून धक्क्याच्या पलीकडे जाता येते, आणि तेथे एक मालमोटार उभी आहे. साऱ्या खेळात तशी दुसरी मोटार नाही. तिच्याखाली म्यू दडलेला आहे, बळाच्या विद्येने मोटार सरकवावी लागते, ही गोष्ट जगभरच्या शाळांतून पसरली. मोटारीखाली काही नव्हते. कोणी केवळ चित्र म्हणून काढलेली ती मोटार कोणाच्याही वाटेत येणार नाही अशा कोपऱ्यात राहून गेली होती. २००४ मध्ये हा खेळ नव्या रूपात आला तेव्हा निर्मात्यांनी त्या मोटारीजवळ एक लहानशी मिठाई लपवून ठेवली. लाखो मुलांनी जेथे व्यर्थ शोध घेतला त्या जागेची ही दखल मला अत्यंत सहृदय वाटते.

म्यूपर्यंत नेणारी खात्रीची वाट सापडली २००३ मध्ये, आणि सापडली ती मोटारीपासून दूर, उत्तरेच्या एका पुलापलीकडच्या गवतात. तेथे उभा असलेला एक प्रतिस्पर्धी दुरून आपल्याला पाहतो व लढण्यास चालून येतो. पण तो पाहतो त्याच क्षणी खेळाचा मेनू उघडून दुसऱ्या गावी निघून गेल्यास खेळाच्या स्मृतीत ती लढाई बाकी राहते. मग दुसऱ्या एका मुलाच्या स्लोपोक ह्या मंद प्राण्याशी लढून परत त्या रस्त्यावर आले की ती थकलेली लढाई वसूल होते, आणि कोणाशी लढावयाचे हे यंत्र शेवटच्या प्रतिपक्षाच्या ‘स्पेशल’ ह्या गुणाच्या आकड्यावरून ठरविते. त्या स्लोपोकचा तो गुण २१. अंतर्गत यादीत २१ व्या जागी म्यू. सात वर्षे तो प्रत्येक कार्ट्रिजमध्ये होता, त्याच्यापर्यंत नेणारी वाट कोणी ठेवली नव्हती, आणि ती दोन निरनिराळ्या निष्काळजीपणांच्या सांध्यातून निघाली. मुलांची श्रद्धा बरोबर होती; फक्त जागा चुकली होती.

२७ फेब्रुवारी २०१६ रोजी, खेळाला वीस वर्षे पुरी झाली त्या दिवशी, निन्टेन्डोने हे जुने खेळ थ्रीडीएस ह्या आपल्या यंत्रासाठी पुन्हा विक्रीस आणले. दुरुस्त्या करणे सहज शक्य होते. त्या केल्या नाहीत. म्हातारा, किनारा, सहावी जागा, स्लोपोक, भुतांचे चुकीचे कोष्टक, सारे जसेच्या तसे ठेवले. मार्च २०२३ मध्ये त्या यंत्राचे दुकान बंद झाले, पण ज्यांनी तोवर विकत घेतले त्यांच्याजवळ ते राहिले. ह्या आवृत्तीतून आपले प्राणी नव्या खेळांत पाठविण्याची सोय होती, आणि तेथे नाका बसविलेला होता: म्यूच्या दाखल्यावर मूळ मालकाचे नाव आणि क्रमांक कंपनीने अधिकृतपणे वाटलेल्या म्यूप्रमाणे असतील तरच त्याला सोडावयाचे. पुलापलीकडच्या गवतात पकडलेला म्यू तेथे परत फिरविला जातो, आणि मिसिंगनोला तर प्रवेशच नाही. सहाव्या जागेवरून मिळवलेल्या कँडीवर वाढविलेले प्राणी मात्र विनातक्रार पुढे जातात, कारण ती कोठून आली ह्याची नोंद खेळाने कोठेच ठेवलेली नाही.